३३८९ क्रमांकाचे दार

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या परिवहन विभागासाठी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी एक तात्पुरता आभासी सर्व्हर उभा राहिला. एका बाजूने तो थेट इंटरनेटला जोडलेला होता, दुसऱ्या बाजूने विभागाच्या अंतर्गत जाळ्याला. सरकारी सर्व्हरवर एरवी असते ती सुरक्षाव्यवस्था त्याच्यावर नव्हती. त्याचा पत्ता कोणी कुठे जाहीर केला नव्हता. तरीही दोन दिवसांच्या आत कुणीतरी त्याच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ अकाउंटवर सुमारे ४० हजार पासवर्ड चालवून पाहिले आणि त्यांतला एक लागला. २१ तारखेला विभागातल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर बिटकॉइनमधल्या खंडणीची मागणी झळकली.

या रॅन्समवेअरचे नाव सॅमसॅम. विभागाला जवळजवळ दोन हजार संगणक बंद करावे लागले. दुरुस्ती चालू असतानाच दुसरी लाट आली, तेव्हा गव्हर्नरांनी १ मार्चला आणीबाणी जाहीर केली आणि नॅशनल गार्डला मदतीला बोलावले. वणवा, पूर, हिमवादळ यांच्यासाठी राखून ठेवलेला हा अधिकार संगणकावरच्या हल्ल्यासाठी वापरण्याची त्या राज्याची ही पहिलीच वेळ. राज्याने खंडणी दिली नाही. पण ऐंशी टक्के काम रुळावर यायला चार आठवडे गेले आणि दहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. त्याच मार्चमध्ये अटलांटा शहराचा कारभार सॅमसॅमनेच ठप्प केला. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दोन इराणी नागरिकांवर आरोपपत्र ठेवले. त्यात बळींची संख्या दोनशेहून जास्त, वसूल झालेली खंडणी ६० लाख डॉलर आणि नुकसान ३ कोटी डॉलरच्या वर, असा हिशेब होता.

कोलोराडोत हल्लेखोराने कोणतीही भिंत फोडली नाही. रिमोट डेस्कटॉपच्या दारातून तो पासवर्ड टाकून आत आला, जसा रोजचा कर्मचारी येतो तसा.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूर बसून दुसरा संगणक चालवण्याची सोय. आपण इथे कळ दाबतो, माऊस हलवतो. ती हालचाल तिकडच्या संगणकाकडे जाते आणि तिकडच्या पडद्याचे चित्र आपल्याकडे येते. प्रोग्रॅम आणि फायली मात्र तिकडेच राहतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली तेव्हा ही सोय विंडोजमध्ये आली. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ती टेबलावरच्या साध्या संगणकातही मिळू लागली. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी ६५,५३५ क्रमांकित दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार ३३८९ क्रमांकाचे.

आपल्याकडे या सोयीचा सगळ्यात ओळखीचा वापर म्हणजे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर दुरून चालवणे. सीएच्या ऑफिसात, सातपूर किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात, घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर कोपऱ्यात एक सर्व्हर असतो. सगळे हिशेब त्याच्यावर. दुसऱ्या शाखेतला अकाउंटंट, घरून काम करणारी मुलगी, रात्री नोंदी तपासणारे मालक, सगळे त्याच्यात रिमोटने शिरतात. ही व्यवस्था लावून देणारा माणूस इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता घ्यायला सांगतो, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो, म्हणजे बाहेरून त्या दाराशी येणाऱ्याला थेट सर्व्हरकडे पाठवतो, आणि अर्ध्या तासात ‘चालू झालं बघा’ म्हणून निघून जातो. चालू होते हे खरेच. फक्त ते एकाच वेळी सगळ्या जगासाठी चालू होते.

‘एवढ्या अफाट इंटरनेटवर आमच्या पेढीचा सर्व्हर कोण शोधत बसणार?’ असे मालकाला वाटते. पण शोधत बसायला माणूस लागतच नाही. इंटरनेटच्या जुन्या, अजूनही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एक साधा संगणक आणि वेगवान जोडणी यांच्या बळावर तो या सगळ्या पत्त्यांवरचे एखादे दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. शोडानसारखी संकेतस्थळे अशा उघड्या दारांची यादी सतत ताजी ठेवतात. हल्लेखोर तुम्हाला निवडत नाही. त्याचे यंत्र गल्लीतले प्रत्येक दार ढकलून बघते, त्यात तुमचेही येते.

सोफोस या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये याची परीक्षाच घेतली. जगभरातल्या दहा ठिकाणी तिने मुद्दाम आमिष म्हणून रिमोट डेस्कटॉपचे सर्व्हर उघडे ठेवले. त्यांतले एक ठिकाण मुंबई. पॅरिसमधल्या सर्व्हरवर पहिला आगंतुक १ मिनिट २४ सेकंदांत आला. साधारण पंधरा तासांत दहाही सर्व्हर हेरले गेले होते. तीस दिवसांत त्या दहांवर मिळून ४३ लाखांच्या आसपास वेळा लॉगिनचा प्रयत्न झाला.

या प्रयत्नांच्या तऱ्हा पाहून संशोधकांनी त्यांना प्राण्यांची नावे दिली. पहिला एडका: एकाच जागी डोके आपटत राहणारा. आयर्लंडमधल्या सर्व्हरवर अशा एकाने दहा दिवसांत १,०९,९३४ प्रयत्न केले, तेही फक्त तीन युजरनेम घेऊन. दुसरा थवा: तो नावे बदलत जातो. ‘एब्राऊन’ नावावर चौदा मिनिटांत नऊ प्रयत्न, मग ‘बीब्राऊन’, मग ‘सीब्राऊन’. प्रत्येक नावावर मोजकेच प्रयत्न, म्हणजे कुठलाच अकाउंट बंद पडत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही. तिसरा काटेरी जाहक: तो तीन-चार तास हजारो प्रयत्नांचा भडिमार करतो आणि मग बराच काळ अंग आवळून गप्प पडून राहतो.

पासवर्ड लागला की तोच माणूस पुढे हल्ला करेल असेही नाही. फोडलेल्या दारांचा बाजार भरतो. एक्सडेडिक नावाच्या अशा बाजाराची माहिती कॅस्परस्की कंपनीने जून २०१६ मध्ये उघड केली, तेव्हा तिथे १७३ देशांतले ७०,६२४ सर्व्हर विक्रीला होते आणि किंमत सहा डॉलरपासून सुरू होत होती. त्या वेळच्या दराने चारशे रुपये. अमेरिका आणि युरोपातल्या तपास यंत्रणांनी जानेवारी २०१९ मध्ये तो बाजार बंद पाडला, पण धंदा थांबला नाही. कोविडच्या काळात घाईघाईने ऑफिसे घरी गेली आणि ३३८९ ची दारे गावोगाव उघडली. एकट्या कॅस्परस्कीने २०२० च्या पहिल्या अकरा महिन्यांत रिमोट डेस्कटॉपवरचे ३३० कोटी हल्ले नोंदवले. आदल्या वर्षी त्याच काळात ते ९७ कोटींच्या आत होते.

आत शिरल्यावर काय होते, हे कळले की अँटिव्हायरसची मर्यादा आपोआप कळते. बहुतेकांच्या मनात चित्र उलटे असते: आधी व्हायरस येतो आणि मग तो दार उघडतो. इथे दार आधी उघडते आणि व्हायरस सगळ्यात शेवटी येतो. हल्लेखोर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत आला असेल, तर तो आधी अँटिव्हायरस बंद करतो. यंत्राच्या नजरेने मालकच तो बंद करत असतो. मग तो जाळ्यातले बाकीचे संगणक शोधतो, मेमरीत पडून असलेले दुसरे पासवर्ड गोळा करतो, बॅकअप कुठे आहे ते पाहून पुसून टाकतो आणि शनिवारी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी रॅन्समवेअर सोडतो. तोवर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेलेल्या असतात. सोमवारी सकाळी नवा अँटिव्हायरस मागवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

कधी कधी तो जाताना मागचे दार करून ठेवतो. विंडोजमध्ये शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की अपंगांच्या सोयीचा ‘स्टिकी कीज’ नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडतो, लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा. हल्लेखोर त्या प्रोग्रॅमच्या फायलीच्या जागी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे संगणकाला थेट हुकूम देण्याची खिडकी ठेवतात. मग मालकाने पासवर्ड कितीही बदलले तरी पाच वेळा शिफ्ट दाबून पुन्हा आत. म्हणूनच एकदा फोडला गेलेला सर्व्हर नुसता साफ करून वापरू नये. तो पुसून नव्याने उभा करावा.

मग बचाव करायचा कसा? क्रम महत्त्वाचा आहे, आणि सुरुवात दार लपवण्यापासून करायची. मराठी माणसाला ही गोष्ट रायगड चढताना दिसलेली असते. महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे: दोन बुरुजांच्या कवेत, वाटेच्या वळणामागे. अगदी जवळ पोचेपर्यंत तो नजरेला पडत नाही, मग त्याच्यावर थेट तोफ रोखणे दूरच. रिमोट डेस्कटॉपसाठी ते वळण म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटवरून ऑफिसच्या जाळ्यात नेणारी खासगी, कुलूपबंद वाट. बाहेरच्या माणसाने आधी व्हीपीएनमध्ये ओळख पटवायची. ती पटली तरच त्याला ३३८९ चे दार दिसते. विंडोज सर्व्हरची स्वतःची ‘रिमोट डेस्कटॉप गेटवे’ ही सोयही हेच काम करते: बाहेरून फक्त ४४३ क्रमांकाचे, कुलूपबंद वेबसाइटचे दार उघडे असते आणि पुढची ने-आण गेटवे करतो. दोन्ही जमत नसेल तर निदान फायरवॉलमध्ये शाखेचा ठरावीक आयपी पत्ता नोंदवून बाकी सगळ्यांना नकार द्यावा. अर्थात व्हीपीएनचे यंत्रही शेवटी संगणकच. त्याच्यातल्या चुका शोधूनही हल्ले झालेले आहेत, तेव्हा त्याचे अपडेटही वेळेवर हवेत.

एक लोकप्रिय तोडगा म्हणजे ३३८९ ऐवजी ३३९० किंवा ५०,०००, असे दुसरे पोर्ट लावणे. याने आळशी यंत्रे चुकतात आणि नोंदवहीतला गोंगाट कमी होतो, एवढेच. सगळी दारे तपासणाऱ्याला दाराचा नंबर बदलल्याने काही फरक पडत नाही, कारण आतून उत्तर रिमोट डेस्कटॉपच देतो.

दार लपवल्यावर कुलूप. कोलोराडोत ४० हजार प्रयत्न दोन दिवसांत झाले, म्हणजे मिनिटाला सरासरी चौदा. इतकी मुभा मिळण्याचे कारण असे, की विंडोजमधला मूळचा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हा अकाउंट कितीही चुकीचे पासवर्ड टाकले तरी बंद पडत नसे. चुकून मालकच बाहेर अडकू नये म्हणून ठेवलेली ती सोय होती. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटमध्ये त्यालाही कुलूप लावण्याची व्यवस्था दिली. नव्या विंडोजमध्ये दहा चुका झाल्या की दहा मिनिटे बंदी, हे मुळातच ठरवून दिलेले असते. जुन्या सर्व्हरवर ते आपण लावायचे. हिशेब सोपा आहे. दर दहा मिनिटांना दहा, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १,४४० प्रयत्न. कोलोराडोचे दोन दिवसांचे काम चार आठवड्यांचे झाले असते, आणि पासवर्ड चौदा-पंधरा अक्षरांचा असता तर ते कधीच पुरे झाले नसते.

पण याला एक उलटी बाजू आहे. दार जगाला उघडे ठेवून असे कुलूप लावले, तर हल्लेखोराच्या चुकांमुळे आपलाच अकाउंटंट दिवसभर बाहेर अडकतो. मग वैतागून कुणीतरी ते कुलूपच काढून टाकते. म्हणून आधी दार लपवा, मग कुलूप लावा.

पासवर्डच्या जोडीला दुसरी ओळख हवीच: मोबाईलवरच्या ॲपमध्ये दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा आकडा किंवा खिशातली छोटी यूएसबी किल्ली. बँकेच्या व्यवहाराला ओटीपी लागतो हे आता गावातल्या आजोबांनाही ठाऊक आहे. ज्या सर्व्हरवर अख्ख्या धंद्याचे हिशेब आहेत, तो मात्र अजून ‘टॅली@१२३’ वर उघडतो. ‘टॅली’, ‘ॲडमिन’, ‘युजर१’, ‘स्कॅन’ ही नावेही अंदाज करायला सोपी असतात. प्रत्येक माणसाला त्याचा वेगळा अकाउंट द्यावा आणि नोकरी सोडून गेलेल्याचा त्याच दिवशी बंद करावा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ नावाची एक चौकट असते. तिच्यात खूण नसेल तर सर्व्हर येईल त्याला आधी लॉगिनचा पडदा काढून दाखवतो आणि मग नाव विचारतो. खूण असेल तर ओळख आधी, पडदा नंतर. शिफ्टच्या पाच दाबांची युक्ती त्या पडद्यावरच चालते, त्यामुळे तीही बाहेरून चालेनाशी होते. सोयीसाठी ही खूण काढून टाकणारे बरेच असतात.

या पडद्याआधीच्या जागेचे महत्त्व मे २०१९ मध्ये साऱ्या जगाला कळले. ‘ब्लूकीप’ या नावाने ओळखली जाणारी चूक रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडली. तिच्या आधारे पासवर्डच न टाकता आत शिरता येत होते आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा किडा बनवता येत होता. दोनच वर्षांपूर्वी वॉनाक्राय या रॅन्समवेअरने असाच धुमाकूळ घातला होता. मायक्रोसॉफ्टने १४ मे रोजी दुरुस्ती दिली, आणि पाठिंबा बंद होऊन पाच वर्षे लोटलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दिली. तरीही दोन आठवड्यांनी जवळपास दहा लाख संगणक तसेच उघडे असल्याचे दिसले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही स्वतंत्र इशारा काढला. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलेल्यांना ब्लूकीपचा धोका कमी होता, पण खरे औषध अपडेटच. विंडोज सर्व्हर २०१२ ला नेहमीचे अपडेट मिळणे १० ऑक्टोबर २०२३ ला थांबले. असा सर्व्हर अजून चालतो आहे, एवढ्यावर समाधान मानू नये.

दाराच्या आतही काही नियम हवेत. टॅली चालवायला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. तरी ‘एकदाचं चालू दे’ म्हणून ते सगळ्यांना वाटले जातात. साध्या अधिकारांच्या अकाउंटमधून हल्लेखोर आला तर अँटिव्हायरस बंद करणे त्याला सहज जमत नाही, आणि इथे अँटिव्हायरस खरोखर कामाला येतो. त्याच्या सेटिंगना वेगळा पासवर्ड लावता येतो, तोही लावावा. रिमोट डेस्कटॉपमध्ये घरच्या लॅपटॉपची ड्राइव्ह सर्व्हरवर दिसण्याची सोय असते. घरच्या लॅपटॉपवर मुलाने उतरवलेल्या गेमबरोबरचा व्हायरस त्याच वाटेने ऑफिसात पोचतो. गरज नसेल तर ही सोय बंद करावी. सर्व्हरवर बसून मेल उघडणे आणि वेबसाइटी बघणेही बंद.

पहारेकऱ्याची वही रोज वाचली तर उपयोगाची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाने होते, साधलेल्या लॉगिनची ४६२४ ने. रात्री तीन वाजता हजारभर ४६२५ दिसल्या तर दार उघडे आहे. त्यांच्या शेवटी एक ४६२४ दिसली तर चोर घरात आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आहे.

राहिला बॅकअप. इंडियाना राज्यातल्या हॅनकॉक रिजनल हॉस्पिटलवर जानेवारी २०१८ मध्ये सॅमसॅमनेच हल्ला केला. हल्लेखोर आत आला तो एका पुरवठादार कंपनीच्या रिमोट लॉगिनने. हॉस्पिटलकडे बॅकअप होते, तरी त्याने चार बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ५५ हजार डॉलर मोजले. मग लक्षात आले, की कित्येक यंत्रणांचे बॅकअप हल्लेखोरांनी आधीच कायमचे नासवून ठेवले होते. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, ती सर्व्हरचाच एक भाग आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक ऑफिसच्या बाहेर, तारेपासून तुटलेली, हा जुना नियम अजून टिकून आहे.

तुटलेल्या तारेची किंमत न्हावाशेवा बंदराने पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रॅमने मार्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक निकामी केले, त्यात तिथले टर्मिनलही बंद पडले. तो हल्ला रिमोट डेस्कटॉपमधून आला नव्हता; पण मेमरीतून पासवर्ड चोरून जाळ्यात पसरण्याची त्याची रीत तीच. कंपनीच्या सगळ्या अकाउंटची यादी सांभाळणारे सर्व्हर एकाच वेळी गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीने अख्खे जाळे पुन्हा उभारले.

ज्यांच्या ऑफिसात रिमोट डेस्कटॉप चालतो त्यांनी आज संध्याकाळी एक चाचणी करावी. ऑफिसच्या बाहेर पडावे, वायफाय आणि व्हीपीएन बंद करावे, लॅपटॉप मोबाईलच्या डेटावर जोडावा आणि नेहमीच्या पत्त्यावर कनेक्ट करून बघावे. काहीच उत्तर आले नाही तर ठीक. पासवर्ड विचारणारी चौकट उघडली, तर उद्या सकाळी ऑफिस उघडण्याआधी सर्व्हर लावून देणाऱ्याला फोन करावा आणि ते पोर्ट बंद करून घ्यावे.